मॉन्ट्रियलला जयंती बोलू लागली

आपली बायको इतकं मोकळं हसू शकते हे श्रीकांत देवस्थळीला लग्नानंतर सतरा वर्षांनी कळलं, आणि तेही लाकडी जमिनीच्या फटींतून. दोन हजार वीसचा मे महिना होता. हॉलंडमधल्या फेल्डहोवन गावातल्या त्यांच्या घराची वरची छोटी खोली त्याचं ऑफिस झाली होती. चिप बनवणाऱ्या यंत्रांमधल्या आरशांची अलाइनमेंट हे त्याचं काम. ते आता कारखान्याऐवजी लॅपटॉपच्या पडद्यावर आणि दिवसभराच्या मीटिंगांत चालायचं. एका बुधवारी दुपारी चारला मीटिंग संपवून त्याने हेडफोन काढले, तर खालून खळखळून हसण्याचा आवाज आला. त्याला वाटलं, टीव्ही चालू असेल. जिन्यावरून डोकावला तर जयंती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फोनवर फ्रेंचमध्ये बोलत होती. हातवारे करत, मधेच कपाळाला हात लावत, डोळे पुसत हसत होती.

जयंती मूळची सोलापूरची. फ्रेंचमध्ये एम.ए. करायला पुण्याला आली, वर्गात पहिली आली आणि एका कॉलेजात तिने पाच वर्षं शिकवलं. विद्यार्थी तिच्या तासाला दाराबाहेर उभे राहायचे म्हणे. दोन हजार नऊमध्ये श्रीकांतला इकडे नोकरी लागली आणि एक वर्षाच्या लेकीला, हिमानीला, कडेवर घेऊन ती आली. इथे फ्रेंचला कोण विचारतंय? खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, डच वर्गाला बस, परीक्षा दे, सुपरमार्केटात माल लाव, मग शाळेत मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेव, असं करत अकरा वर्षं गेली. सुरुवातीला एकदा ती फ्रेंच पुस्तकांचं खोकं उघडून बसली होती, तेव्हा श्रीकांत सहज बोलून गेला होता, "ते ठेव आता माळ्यावर. डच शीक, त्याचा उपयोग तरी आहे." तिने खोकं माळ्यावर ठेवलं. पुन्हा तो विषय निघाला नाही, आणि न निघालेले विषय मिटलेच असतात असं श्रीकांतला त्या काळी वाटायचं.

फोनवर जिनेत होती. वय ब्याऐंशी, मुक्काम मॉन्ट्रियलमधला एक वृद्धाश्रम. त्या वसंतात तिथल्या वृद्धाश्रमांत कोरोनाने हाहाकार माजवला होता. दारं बंद, भेटीगाठी बंद. जिनेतच्या मजल्यावरच्या खोल्या एकामागून एक रिकाम्या होत होत्या आणि तिचा एकुलता एक मुलगा हजारो मैलांवर व्हँकुव्हरला. एकट्या म्हाताऱ्यांशी फोनवर फ्रेंचमधून गप्पा मारायला माणसं हवीत, असं आवाहन जयंतीने फेसबुकवर वाचलं आणि नाव देऊन टाकलं. घरात कुणाला सांगितलंही नाही.

पहिल्या फोनला तिला निम्मं कळलंच नव्हतं. तिची फ्रेंच पुण्यात शिकलेली, पुस्तकातली, कडक इस्त्रीची. जिनेतची मॉन्ट्रियलच्या कामगार वस्तीतली, शब्दांचे कोपरे खाऊन टाकणारी. ती गाडीला 'शार' म्हणायची, दुपारच्या जेवणाला रात्रीच्या जेवणाचं नाव द्यायची. जयंती तिला आदराने अहो-जाहो करायची, तर तिसऱ्याच बुधवारी जिनेत म्हणाली, "हे बघ पोरी, मी चाळीस वर्षं कारखान्यात हिवाळी कोट शिवलेत. मला अहो म्हणायला मी काय कारखान्याची मालकीण आहे?" जयंती हसली ती यावरच.

मग दर बुधवारी चारचा फोन ठरून गेला. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असत. जिनेतला खोलीबाहेर पडायची बंदी, म्हणून ती तोंडानेच जयंतीला शहर फिरवायची. आज बंदर, पुढच्या बुधवारी बाजार, मग डोंगर. जयंती ऐकत नकाशावर बोट फिरवायची. दोन वर्षं हे चाललं. लसी आल्या, दारं उघडली, पुन्हा बंद झाली, पुन्हा उघडली. बुधवार काही चुकला नाही. ज्या महिन्यात जिनेतची शेजारची मैत्रीण गेली त्या महिन्यात ती बोलायचीच नाही, नुसता फोन कानाशी धरून बसायची. जयंतीही इकडे तशीच बसायची. कांदा चिरायची, भांडी विसळायची, जे चाललंय ते सांगत राहायची. श्रीकांतने ते वरून ऐकलं आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला ही बाई पुरती माहीत नाही.

दोन हजार बावीसच्या वसंतात तोच म्हणाला, "या उन्हाळ्यात भारतात न जाता मॉन्ट्रियलला जाऊया का?"

जयंती पोळी लाटायची थांबली. "खरंच म्हणतोयस?"

"विचार तुझ्या मैत्रिणीला, कुठला महिना चांगला."

जिनेतने सांगितलं, जुलै. "त्या महिन्यात आमचं शहर लग्नघरासारखं असतं," असं जयंतीने त्याचं मराठी करून सांगितलं. मूळ शब्द काय होते देव जाणे.

चौदा वर्षांची हिमानी कुरकुरली. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर इंग्लिश नाहीतर डचमध्ये. शाळेत फ्रेंच होतं आणि तिचा सगळ्यात नावडता विषय तोच होता. "Mam, मी तिथे बोलणार नाही हां. You do the talking," असं तिने विमानातच बजावलं.

आणि जयंतीने खरोखरच बोलायला घेतलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याशी, बसच्या ड्रायव्हरशी, हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीशी. फेल्डहोवनमध्ये दुकानात शिरण्याआधी डच वाक्य मनात घोळवून घेणारी, कुणी इंग्लिशमध्ये उत्तर दिलं की कानकोंडी होणारी जयंती श्रीकांतला ठाऊक होती. इथे ती भर रस्त्यात भांडत होती, गंमत करत होती. जाँ-तालों बाजारात एका बाईने ब्लूबेरीची टोपली पुढे केली, तर जयंतीने एक दाणा तोंडात टाकून तिच्याच बोलीत काहीतरी शेरा मारला. बाई पोट धरून हसली आणि आणखी एक ओंजळ टोपलीत टाकून म्हणाली, "तू इथली नाहीस, पण तुझी शिकवणारी इथलीच आहे!" श्रीकांतला याचा अर्थ हिमानीने सांगितला. आपण भाषांतर केलं हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

शहर होतंच तसं. जुन्या भागात दगडी फरशीच्या उतरत्या गल्ल्या, राखाडी दगडांच्या तीन-साडेतीनशे वर्षांच्या इमारती, आणि गल्ली संपली की समोर एकदम नदी. सेंट लॉरेन्स. हॉलंडच्या ब्राबांत प्रांतातले कालवे पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना ती समुद्रच वाटली. मोठ्या चर्चमध्ये शिरले तर आत निळ्या रंगाचं आणि सोन्याचं छत, इतकं उंच की हिमानी मान मागे टाकून बघताना बाकावर बसलीच. भाड्याच्या सायकली घेऊन तिघं कालव्याकाठी फिरली. इथल्या सायकलवाल्यांना वळताना हात दाखवायची शिस्त नाही, हे हॉलंडमध्ये वाढलेल्या मुलीने दिवसभरात सतरा वेळा नोंदवलं. तिसऱ्या दिवशी मात्र चौकात कुणी ट्रम्पेट वाजवत होतं, तेव्हा तीच सायकल टेकवून अर्धा तास ऐकत उभी राहिली.

जिनेतची भेट चौथ्या दिवशी होती. दारात चाचणी, तोंडावर मास्क. चाकाच्या खुर्चीत बसलेली ती बारीक चणीची बाई, केस नीट विंचरलेले, ओठांना लिपस्टिक. मास्कमुळे ती दिसणार नव्हती तरी लावलेली. जयंती तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. दोघी बराच वेळ एकमेकींच्या हातांकडेच बघत होत्या. मग जिनेत काहीतरी म्हणाली आणि जयंती मागे वळून म्हणाली, "अरे, ती म्हणतेय मी फोनवर उंच वाटत होते."

जिनेतला एकच गोष्ट हवी होती. आपण जन्मलो ते घर बघायचं होतं. महामारीआधी दर वर्षी वाढदिवसाला ती तिथून एक चक्कर मारायची. आता अडीच वर्षं ती वृद्धाश्रमाच्या अंगणापलीकडे गेली नव्हती. जयंतीने मुख्य परिचारिकेशी बोलून परवानगी काढली, खुर्ची चढेल अशी टॅक्सी ठरवली आणि दुसऱ्या दिवशी चौघं फाब्र रस्त्यावर उतरली.

त्या रस्त्यावर घरांचे जिने बाहेर असतात. प्रत्येक घराच्या दर्शनी भागातून लोखंडी जिना वळसा घेत फुटपाथवर उतरतो. वर मेपलची दाट सावली, कठड्यांवर फुलांच्या कुंड्या. जिनेतने एका हिरव्या जिन्याकडे बोट केलं. दुसरा मजला.

जयंती चढली, बेल वाजवली आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिली, मास्क लावून. दार उघडलं ते खांद्यावर तान्हं बाळ घेतलेल्या एका तरुणाने. अनोळखी बाई बघून तो जरा बिचकला. जयंती बोलू लागली. श्रीकांत खालून बघत होता. शब्द कळत नव्हते, पण तिचा सूर कळत होता. ती घाई करत नव्हती, अजीजी करत नव्हती. वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा तो आवाज होता. तरुणाने कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. जिनेतने खालून ओरडून काहीतरी सांगितलं.

"She says, एकोणीसशे अडतीस," हिमानी पुटपुटली. "ती इथे born झाली, त्या front room मध्ये."

तरुण पायऱ्या उतरून आला. म्हणाला, मी आणि हे गृहस्थ मिळून खुर्ची उचलतो. श्रीकांतने बाह्या सरसावल्याही. पण जिनेतने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"या जिन्यावरून मी कोळशाची पोती वर नेली आहेत," ती म्हणाली. "आता मीच पोतं होऊन वर जाणार नाही."

यावर काय करावं कुणाला सुचेना. जयंतीलाच सुचलं. तिने आपल्या फोनवरून श्रीकांतच्या फोनला व्हिडिओ कॉल लावला. "हा तिच्यासमोर धर. हलू देऊ नकोस," एवढं सांगून ती त्या तरुणामागून आत गेली.

श्रीकांत फुटपाथवर वाकून दोन्ही हातांनी फोन धरून उभा राहिला. आरसे मायक्रॉनमध्ये जुळवणारा माणूस, पण त्या दिवशीइतके हात स्थिर ठेवायचा प्रयत्न त्याने कधी केला नसेल. पडद्यावर लांबलचक बोळ आला, पुढची खोली आली. जयंती सावकाश चालत सांगत होती, काय बदललं, काय तसंच आहे. जिनेत मधेच थांबवायची, डावीकडे वळवायची. शेवटी स्वयंपाकघर आलं. मागचं दार उघडलं, मागची गॅलरी, खाली गल्ली, आणि पलीकडच्या खांबापर्यंत गेलेली कपडे वाळत घालायची दोरी.

जिनेत काहीतरी विचारू लागली. आवाज बारीक झाला होता.

"दोरीचं चाक," हिमानी म्हणाली. "तिच्या बाबांनी लावलं होतं. She's asking, तेच आहे का."

पडद्यावर जयंतीचा हात दिसला. भिंतीत ठोकलेलं एक गंजकं लोखंडी चाक, त्यावर जुन्या रंगाचे थर. तिने दोरी ओढली. चाकाने लांबट, कर्कश आवाज केला. मग पुन्हा ओढली.

जिनेतने डोळे मिटून घेतले. जयंती दोरी ओढत राहिली, चाक वाजत राहिलं. तरुणाचं बाळ त्या आवाजाला हसत होतं. बऱ्याच वेळाने जिनेत बोलू लागली आणि थांबेचना. हिमानी वडिलांच्या कानाशी लागून सांगत होती, इंग्लिश आणि मराठी कसंही मिसळत, एकही वाक्य सुटू न देता. "तिची आई हिवाळ्यात पण कपडे बाहेर टाकायची. मग ते freeze व्हायचे, एकदम पापडासारखे. आणि ती आणि तिची बहीण बाबांची पँट उभी करायच्या भिंतीला टेकवून आणि तिच्याशी dance करायच्या." जिनेत रडत होती आणि हसतही होती, आणि वरून, फोनमधून आणि उघड्या दारातून, दोन्हीकडून जयंतीचं हसू ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी हिमानी त्या ट्रम्पेटवाल्याला शोधायला चौकात गेली आणि ही दोघं बंदरावरच्या बाकावर बसली. एक मोठी बोट धक्का सोडत होती.

"तुला आठवतंय," श्रीकांत म्हणाला, "मी ते खोकं माळ्यावर टाक म्हणालो होतो?"

"आठवतंय की."

"चुकलं माझं."

जयंती नदीकडे बघत होती. "राग आला होता मला. पुष्कळ दिवस होता. पण डच शिकले नसते तर तिथे माझं पानही हललं नसतं, हेही खरंय." मग म्हणाली, "तरी तू तसं म्हणायला नको होतंस."

"नकोच होतं."

एवढंच बोलणं झालं. मग तिने त्याला त्या बोटीवर रंगवलेलं नाव वाचून दाखवलं, उच्चार करायला लावला, आणि तो चारदा चुकला.

घरी परतल्यावर सप्टेंबरात जयंतीने आइंडहोवनमधल्या एका माध्यमिक शाळेला पत्र लिहिलं. त्यांना फ्रेंचच्या शिक्षकाची गरज होती. पुण्याची पदवी इथे मान्य करून घ्यायला कागदपत्रांचे सोपस्कार झाले, शिवाय दोन वर्षांचा अभ्यासक्रम नोकरीबरोबर पुरा करायची अट पडली. मुलाखतीत मुख्याध्यापकांनी विचारलं, इतकी वर्षं खंड पडला, भाषा विसरला नाहीत? जयंतीने डचमध्ये शांतपणे सांगितलं, "खंड पडला तो शिकवण्यात. बोलण्याचं म्हणाल, तर माझ्या मैत्रिणीने मला दोन वर्षांत नव्याने शिकवलं." जानेवारीत ती रुजू झाली. मंगळवारी आणि गुरुवारी ती सकाळी साडेसातला रेनकोट चढवून सायकलवर बसते. त्या दोन दिवसांचा स्वयंपाक श्रीकांतकडे आहे. त्याची आमटी अजून पातळच होते, पण ती आल्यावर तिने आज वर्गात काय केलं हे ऐकताना तो आणि हिमानी ती निमूट संपवतात.