झऱ्यावरची वाघीण

मुलाने मला आफ्रिकेला सफारीला नेलं. दुबईत, करामातल्या फ्लॅटमध्ये बसून बसून म्हातारा कुजतोय, असं सुनेचं म्हणणं. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मीही लहान पोरासारखा जीपच्या काचेला नाक लावून होतो. नजर पोचेल तिथवर गवत, वर एवढं मोठं आभाळ, हत्ती, जिराफ, रानरेड्यांचे कळप. तिसऱ्या दिवशी एका झाडावर बिबट्याची मादी दिसली. झाडाखाली पंधरा-वीस गाड्या लागलेल्या, सगळ्यांचे कॅमेरे वर. ती खाली उतरली आणि गवतातून तिची दोन पिल्लं पुढे आली. गाडीतले सगळे ‘सो क्यूट, सो क्यूट’ करायला लागले. मी ड्रायव्हरला म्हटलं, खलास, गाडी परत फिरव. मुलगा भडकला. नात म्हणाली, “नाना, यू आर स्पॉइलिंग इट.” त्यांना वाटलं माझे गुडघे दुखतायत. दुखत होतेच, पण ते कारण नव्हतं.

कारण साठच्या दशकातलं आहे. तेव्हा इथे ना एमिरेट्स हे नाव, ना रस्ते. मी रत्नागिरीकडचा. बसऱ्याला जाणाऱ्या लाँचवर भंडारी होतो, म्हणजे स्वयंपाक करायचो. तोडकंमोडकं अरबी तिथेच शिकलो. मग गल्फमध्ये नोकरी धरायची ठरवली. आमच्या तांडेलाने, म्हणजे लाँचच्या कप्तानाने, मला आणि आणखी चौघांना पूर्वेच्या किनाऱ्याला खोर फक्कानच्या जरा अलीकडे गळाभर पाण्यात उतरवलं आणि डोंगराकडे बोट दाखवलं. पलीकडे शारजा, जा चालत. झालं, एवढंच. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, कपड्यांचं बोचकं डोक्यावर. बाकीचे चौघे माणसांची वाट धरून गेले. मी दीडशहाणा, जवळची वाट म्हणून ओढ्याच्या कोरड्या पात्रातून निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जीभ बाहेर काढून एका खडकाखाली पडलो.

तिथे मला एका म्हाताऱ्याने उचललं. डोंगरात शेळ्या राखणारा बदू अरब, एकटाच राहायचा, दहा-बारा शेळ्या आणि दगडांची एक खोपी. बायको कधीच मेलेली. त्याने मला थेंब थेंब करून पाणी पाजलं, नाहीतर मी अधाशासारखा पिऊन तिथेच मेलो असतो. खजूर दिले, शेळीचं दूध दिलं. मी कोण, कुठला, कशाला आलो, एक शब्द विचारला नाही. चौथ्या दिवशी सकाळी विचारलं. मी सांगितलं, पोटासाठी आलो. त्याने मान हलवली.

खोपीच्या वर दोन खडकांच्या बेचक्यात एक झरा होता. सूर्य डोंगराआड गेला की म्हातारा शेळ्या आत कोंडायचा आणि मला गप्प बसायची खूण करायचा. मग वाघीण यायची. आम्ही कोकणातले लोक बिबट्याला वाघच म्हणतो, म्हणून मीही वाघीणच म्हणणार. आमच्याकडच्या वाघापेक्षा फिकी, अंगाने लहान. मागे मांजराएवढी दोन पिल्लं. ती आधी पाणी प्यायची, पिल्लं पाण्यात पंजे आपटायची. आमच्या गावात वाघ दिसला की डबे बडवत अख्खी वाडी धावते. इथे हा म्हातारा तिला शेजारणीसारखा बघत बसायचा. वर्षाला दोन-तीन शेळ्या न्यायची ती. मी विचारलं, मारत का नाहीस? तर म्हणाला, तिच्या भीतीने दुसरे कळपवाले या झऱ्याला येत नाहीत, पाणी टिकतं ते तिच्यामुळे. मग म्हणाला, आणि संध्याकाळी कुणीतरी येतं. हे ऐकून मला त्याची कीव आली. आता कुणाची कीव करावी ते मला चांगलं कळतं.

त्याने मला वाट दाखवली. शारजाला एका गोऱ्या साहेबाच्या कॅम्पात मला स्वयंपाक्याचं काम मिळालं. साहेब जमिनीची मोजणी करणारा, आधी केन्यात बरीच वर्षं काढलेला. जेवताना सारख्या तिथल्या सफारीच्या गोष्टी. सिंह असा मारला, रेडा तसा पाडला. माझ्या डोक्यात मात्र दिवसरात्र एकच किडा, कागद. लाँचने उतरलेल्यांना पकडून परत लाँचवर बसवत होते. माझ्याच गावचा एक असा परत गेला होता. साहेबाने कंपनीचं पत्र दिलं असतं की माझे कागद झाले असते, पण तो ‘बघू, बघू’ करून टोलवायचा. त्याची बदली जवळ आली होती. एका दुपारी तो कुरकुरला, या भिकार वाळवंटात मारण्यासारखं एक जनावर नाही. आणि मी, त्याच्या पुढ्यात मटणाची प्लेट ठेवता ठेवता, बोलून गेलो. साहेब, वाघ आहे. मला ठाऊक आहे कुठे.

बोलून गेलो असं म्हणतो, पण ते निसटलेलं नव्हतं. आठवडाभर जिभेवर घोळवत होतो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात ना, तो मी.

साहेब खुर्चीतून उठलाच. म्हणाला, दाखव, परत आलो की त्याच दिवशी पत्र. कारकुनाला बोलावून माझ्यासमोर टाइप करायला सांगितलं. मग मला एक प्रश्न विचारला. “नर आहे की मादी? पिल्लं आहेत?” म्हणाला, पिल्लं असलेली मादी मी आफ्रिकेत कधी मारली नाही, इथेही मारणार नाही. बघा, त्या खाटकाचासुद्धा एक नियम होता. मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “नर आहे, साहेब. एकटाच असतो.”

दोन-अडीच महिन्यांनी मी पुन्हा त्या खोपीसमोर उभा राहिलो. गाडी खाली ठेवून आम्ही दोघेच चढून आलो होतो. मला बघून म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. त्याने साहेबाची बंदूक पाहिली, पण तिकडे प्रत्येकाच्याच खांद्याला बंदूक असते, त्याच्याही होती. त्याने दुधाची एक शेळी ओढून आणली आणि आमच्यासाठी कापली. मी म्हटलं, नको, नको. त्याने ऐकलं नाही. जेवणं झाली. काय काम काढलंत, हे त्याने विचारलंच नाही.

आता माझी अक्कल बघा. आमच्या कोकणात पाहुणा उंबऱ्यात असतानाच विचारतात, काय हो, आज इकडे कशी वाट चुकलात? कुणी विचारलं नाही, तर समजायचं की त्याला ठाऊक आहे आणि त्याची हरकत नाही. मी तेच धरून चाललो. म्हटलं, बंदूक दिसतेय, गोरा दिसतोय, म्हातारा समजला असेल, गप्प आहे म्हणजे चालतंय. बदूच्या घरी पाहुण्याला तीन दिवस कारण विचारायचं नसतं, ही त्यांची रीत मला नंतर शारजाच्या बाजारात एका अरबाने सांगितली. पण खरं सांगू? मागच्या खेपेला मला त्याने चौथ्या दिवशी विचारलं होतं. डोकं चालवलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मला कळून घ्यायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हातारा शेळ्या कोंडत होता. साहेबाने त्याच कापलेल्या शेळीची आतडी झऱ्याजवळ टाकायला सांगितली. मी टाकली, या हातांनी. वाघीण आली. नशिबाने पिल्लं मागे राहिली होती. नशिबाने म्हणजे माझ्या. एकच गोळी. डोंगरात आवाज कितीतरी वेळ फिरत राहिला.

साहेब हसत पुढे गेला, तिला उलटी केली आणि त्याचं हसू गेलं. आचळं भरलेली होती. दुधाचा ओघळ पोटावरून दगडावर आला.  त्याने माझ्याकडे बघितलं आणि बंदूक पुसायला घेतली. तेवढ्यात वरच्या खडकांतून बारीक आवाज यायला लागले.

म्हातारा धावत आला आणि थांबला. मला वाटलं, आता हा मला मारणार. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. पाहुण्यावर हात उचलायचा नाही, हीही रीत असावी. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.  मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी तुला विचारू शकत नव्हतो. तू सांगू शकत होतास.”

 सकाळी निघताना त्याने आमच्या पखाली भरून दिल्या. माझीही दिली. पिल्लं अजून ओरडत होती, पण आवाज कमी झाला होता. वाघिणीचं कातडं साहेबाने घेतलं नाही. म्हणजे ती मेली ती फक्त माझ्या कागदांसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही.

 परतताना गाडीत मी मनात दुआ मागत होतो. वाघिणीसाठी नाही, म्हाताऱ्यासाठी नाही. पत्रावर सही व्हावी म्हणून. अल्ला माफ करो, हे असं होतं.

कॅम्पात पोचल्यावर कारकुनाने टाइप केलेलं पत्र पुढे ठेवलं. अशा पत्रांचा असतो तोच, नेहमीचा मजकूर. हा इसम आमच्याकडे स्वयंपाकी आहे, कामसू आहे, प्रामाणिक आणि विश्वासू आहे. साहेबाने वाचलं. शेवटच्या ओळीवर त्याचं पेन थांबलं. मला तेवढं इंग्रजी वाचता येत होतं, कुठल्या शब्दावर थांबलंय ते दिसत होतं. वाटलं, आता खोडेल. निदान खोडायला हवं होतं त्याने. त्याने खाली सही केली, पत्र माझ्याकडे सरकवलं आणि कारकुनाला म्हणाला, उद्यापासून दुसरा स्वयंपाकी बघ.

त्या पत्रावर माझे कागद झाले. त्याच पत्रावर दुसरी नोकरी लागली, तिसरी लागली, बायको आली, पोरं इथे शिकली. प्रत्येक ऑफिसात कुणीतरी ते उघडून मोठ्याने वाचायचा, प्रामाणिक आणि विश्वासू, आणि मान हलवून माझ्याकडे बघायचा. आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचो, येस सर.