दर पाच मिनिटांनी दोघे

भीमराज म्हणजे कांजूरमार्गच्या त्या बिल्डिंगला कायमचा डोक्याला ताप. बेस्टमध्ये एकतीस वर्षं स्टार्टर होता. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या चौकीत बसून गाड्या सोडायच्या, एवढंच काम, पण त्या कामाने माणूस पार बिघडवून टाकला. दोन गाड्या एकामागोमाग सुटल्या की पुढची खचाखच भरते, मागची रिकामी पळते आणि त्यानंतर स्टॉपवर आलेले लोक अर्धा तास शिव्या घालत उभे राहतात. म्हणून मध्ये अंतर पाहिजे. हे त्याच्या इतकं अंगात भिनलं होतं, की पोराच्या लग्नात त्याने वऱ्हाडाला जेवायलासुद्धा पाच-पाच मिनिटांनी सोडलं. विहीणबाई अजून त्यावरून टोमणे मारतात.

त्याची बायको द्रौपदी नेमकी उलट. तिच्या महिला मंडळाचा नियम एकच, सगळे मिळून. सहा डिसेंबरला दादरला जायचं तर पांढऱ्या साड्या, पुढे पंचशील ध्वज, दोघी-दोघींची रांग, आणि शेवटची बाई आल्याशिवाय पहिलीने हलायचं नाही. वीस वर्षांत त्या गर्दीत तिने एकही माणूस हरवू दिला नाही. भीमराज तिच्यासोबत कधी गेला नव्हता. त्या दिवशी जादा गाड्या सोडायच्या असायच्या ना.

यंदा द्रौपदी स्वतःला धरून अठरा माणसं घेऊन लुंबिनीला गेली. भीमराजचं तिकीट काढलं होतं, पण गुडघ्याने दगा दिला. मग त्यानेच आपल्या थोरल्या भावाला, वाकोल्याच्या अंबादासला, गळ घालून पाठवलं. बाप गेला तेव्हा भीमराज सातवीत होता. या भावाने स्वतःची शाळा सोडून त्याला शिकवलं होतं आणि हाताला धरून भरतीच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं. आता अंबादास शहात्तरचा. "मी कशाला रे, एवढ्या लांब," म्हणत होता. भीमराजने ऐकलं नाही.

आणि तिकडे वाट लागली. परतीच्या दिवशीच नेपाळात आंदोलन पेटलं, कर्फ्यू लागला, गाड्या बंद झाल्या. मंडळी सीमेपासून चार किलोमीटरवर एका लॉजमध्ये अडकली. दुसऱ्या सकाळी कर्फ्यू तीन तास सैल झाला तशी द्रौपदीने सवयीने रांग लावली, ध्वज पुढे काढला आणि निघाली. चौकात पोचेपर्यंत मागे चाळीस-पन्नास अनोळखी पोरं घोषणा देत येऊन मिळाली. त्यांना वाटलं, हाही मोर्चाच. पोलिसांनाही तेच वाटलं. शिट्ट्या झाल्या, कुठेतरी काहीतरी फुटलं, आणि म्हातारी माणसं धापा टाकत परत लॉजमध्ये आली.

"रांग होती म्हणून सगळे परत तरी आले," द्रौपदी फोनवर म्हणाली.

"रांग होती म्हणूनच झालं ते," भीमराज म्हणाला.

तिने फोन ठेवून दिला. मग दिवसभर या माणसाला चैन नाही. गॅलरीत जायचा, वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास आत यायचा, खिडकी लावायचा, पुन्हा उघडायचा. टीव्हीवर जळणारे टायर दाखवत होते. सून शीतलने तो बंद केला तर ओरडला, चालू केला तर त्यावरही ओरडला. सारखं एकच बोलत होता, "मी पाठवलं गं भाऊला. तो नाही म्हणत होता."

संध्याकाळी द्रौपदीचाच फोन आला. आवाज उतरलेला होता. "उद्या सहा ते नऊ परत सोडणारेत. पाचाच्या वर माणसं एकत्र दिसली तर उचलणार म्हणे. तुम्ही सांगा, तुमच्या पद्धतीने कसं करायचं ते."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. एरवी भीमराजने पेढे वाटले असते. त्या दिवशी त्याला घाम फुटला. ध्वज घडी करून पिशवीत, त्याने सांगितलं. पांढऱ्या साड्या नकोत, रोजच्या नेसा. ओळखपत्र अंगावर, फोन आत, फोटो अजिबात नाही. दर पाच मिनिटांनी दोघे. जी गाडी दमते ती आधी सोडायची, म्हणून पहिली जोडी अंबादास आणि प्रेमा. प्रेमा मंडळाची खजिनदार, पायाने धडधाकट. द्रौपदी शेवटी, शेजारच्या शेवंतीला घेऊन.

सकाळी सहाला लॉजच्या वायफायवर फोन लागला. "सोड," भीमराज म्हणाला. सहा पाच, सोड. सहा दहा, सोड. त्याचा आवाज अगदी चौकीतला झाला होता. शीतलला वाटलं, सासऱ्यांना जमलं हे.

साडेसहाला शीतलच्या मोबाईलवर प्रेमाचा फोन आला. सीमेजवळ आपलं सिम मधूनमधून पकडत होतं. "दादा, अंबादासभाऊ बसले. पायात गोळे आलेत. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेत. मागच्या दोन जोड्या पण थांबल्यात आमच्याजवळ."

म्हणजे सहा जण. पाच मिनिटांनी आठ होतील, मग दहा. भीमराजच्या डोळ्यांसमोर ते चित्र लख्ख उभं राहिलं, कारण आयुष्यभर त्याने तेच तर निस्तरलं होतं. "पोलीस आहेत का आसपास?"

"कोपऱ्यावर आहेत. बघतायत आमच्याकडेच."

"निघा तिथून. सगळे. तू पण."

"आणि भाऊ?"

"एकटा म्हातारा बसलाय तर कुणी विचारत नाही. तू थांबलीस तर मागचे पण थांबतील. नीघ."

प्रेमा रडायला लागली. म्हणाली, द्रौपदीताईंनी सांगितलं तरच जाऊ. भीमराजने दुसऱ्या फोनवर द्रौपदीला सांगितलं, त्यांना निरोप दे, मागच्या जोड्यांनाही दे, भाऊपाशी कुणी थांबायचं नाही.

"तुमचा सख्खा भाऊ आहे तो," द्रौपदी म्हणाली.

"मला माहितीये कोण आहे ते."

"माझ्या माणसांना मी शिकवलंय, कुणाला मागे टाकायचं नाही म्हणून. आणि मीच सांगू?"

"तूच सांग. माझं कुणी ऐकणार नाही."

शीतलने दोन्ही फोन एकमेकांना लावून धरले आणि द्रौपदीने प्रेमाला सांगितलं. कसं सांगितलं ते तिचं तिलाच ठाऊक. वर भीमराजला म्हणाली, "शेवंतीला पुढे काढते. मी मात्र भाऊंजवळ थांबणार, आणि त्यावर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." पावणेसातला ती निघाली आणि लॉजचा फोन बंद झाला.

मग नुसती वाट बघणं. साडेसातपासून फोन यायला लागले. जयभीम दादा, पोचलो. जयभीम, आम्ही दोघी पोचलो. सव्वाआठपर्यंत शेवंतीसकट सोळा जण पलीकडे, भारतात. प्रत्येकाला भीमराज विचारायचा, भाऊ दिसला का. प्रत्येक जण चाचरत सांगायचा, हो, बसले होते. पावणेनऊ झाले. नऊ झाले. शीतल म्हणाली, "बाबा, बसा जरा," तर तिच्या अंगावर खेकसला आणि लगेच तिचा हात धरला. बायको आणि भाऊ, दोघांनाही आपणच त्या रस्त्यावर काढलं आणि आता कर्फ्यू परत लागला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

नऊ वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

"पोचलो. दोघंही," द्रौपदी म्हणाली. भीमराज खालीच बसला. "माझ्याशी आत्ता बोलू नका तुम्ही. भाऊंना देते."

"भाऊ," भीमराज म्हणाला.

"बरोबर केलंस तू," अंबादास म्हणाला. त्याचा दम अजून बसला नव्हता. "थांबले असते तर सगळेच गेले असते रे आत. मीच हाताने त्यांना जा-जा करत होतो."

"पाय कसा आहे?"

"आहे. एक विचारू का भीमा? माझ्याकडे बघू पण नका, असं सांगितलं होतंस का त्यांना?"

"नाही भाऊ. थांबू नका, एवढंच."

"हां." अंबादास म्हणाला. "दहा-अकरा माणसं गेली समोरून. आपलीच. एकानेही मान वळवली नाही. फार भीती वाटली रे मला. म्हटलं, हेही तूच सांगितलंस की काय."