विनीमावशीचा सोमवार

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या शेफील्डच्या वरच्या टेकडीवर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, नवी घरं बांधली आणि आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हा मी आठ वर्षांची होते. रस्ते अजून व्हायचे होते, बाहेर गुडघाभर चिखल. पण घरात न्हाणीघर होतं, संडाससुद्धा. मी दिवसभर साखळी ओढत बसायचे आणि आई, म्हणजे एडिथ, खालून विचारायची, "पाणी काय तुझ्या बापाचं आहे?"

जुन्या गल्लीत कुणी शिंकलं तरी चार घरांना कळायचं. त्यातून सुटल्याचा आईला इतका आनंद की नव्या दाराची किल्ली ती गळ्यात घालून फिरायची. आणि शेजार मिळाला तो नेमका विनी रॅम्सडेनचा.

विनीमावशी आडव्या अंगाची, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. सोमवार आमच्याकडे सगळ्यांचाच धुण्याचा वार, आणि ही बाई साऱ्या वस्तीच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या वाचून काढायची. कुणाकडे पाहुणा आलाय, कुणाचं बाळ आजारी आहे, सगळं तिला कपड्यांवरून कळे.

"एडिथ, तुझ्या नवऱ्याच्या बनियनला भोक पडलंय गं."

"असू दे. तेवढंच एक बघायचं राहिलं होतं का तुमचं?"

शेवटी आईने बाबांकडून उंच फळ्यांचं कुंपण घालून घेतलं. दुसऱ्या सोमवारी विनीमावशी बादली उपडी घालून तिच्यावर उभी. "कुंपण छान झालंय हं," म्हणाली. आई दोन दिवस धुमसत होती.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी बाबा पोलादाच्या कारखान्यात होते, मी शाळेत. आईला सातवा महिना. विनीमावशी बादलीवर चढली, तर आमची दोरी रिकामी. तापाने फणफणली तरी एडिथ सोमवार चुकवायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक. दार ठोठावलं, आतून कुलूप. मग तिने दोरीला टेकू द्यायची लांब काठी उचलून आमची खिडकी फोडली आणि त्या देहानिशी आत शिरली. आई ओल्या फरशीवर घसरून पडली होती. खूप रक्त गेलं होतं.

वस्तीत टेलिफोन आला नव्हता. विनीमावशी रस्त्यात हात पसरून उभी राहिली आणि कोळशाचा ट्रक अडवला. आपल्या कपाटातल्या ठेवणीतल्या चादरींत आईला गुंडाळून वर चढवलं.

"चादरी काळ्या होतील, बाई," ड्रायव्हर म्हणाला.

"माणूस पांढरं पडलंय आणि तू चादरींचं काय घेऊन बसलास? चल."

आई वाचली. माझा भाऊ क्लाइव्हही वाचला. घरी आल्यावर आईने बाबांना कुंपणाची एक फळी काढायला लावली. का, तर म्हणे वारा येत नाही. आणि दाराची दुसरी किल्ली विनीमावशीच्या हातात ठेवली, "माझ्याकडून हरवते," असं म्हणून. आभार मानणं तिला कधी जमलंच नाही. विनीमावशीनेही आपली किल्ली तिला दिली.

अशी सगळ्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. लोक तिला भोचक म्हणत. म्हणोत बापडे.

पुढे विनीमावशी थकली. धुणं तिची मुलगी आपल्या घरी नेऊ लागली, तरी सोमवारी ती एखादं फडकं तरी दोरीवर घालायचीच. आणि आई चहाचा घोट घेण्याआधी त्या फटीतून बघून यायची.

एका सोमवारी मी माहेरी होते. आई फटीतून बघून आली, कप तसाच ठेवला आणि किल्ली घेऊन निघाली. मी मागोमाग गेले. विनीमावशी खुर्चीतच गेली होती. मोरीत तिचा एप्रन भिजत घातलेला होता.

"मी डॉक्टरांना फोन करते," मी म्हटलं.

"कर."

फोन करून बाहेर आले, तर आईने तो एप्रन धुऊन, पिळून दोरीवर घातला होता.

"विनीचा सोमवार कधी चुकला नाही," ती म्हणाली. मग तिने दोरीला काठीचा टेकू दिला आणि तिथेच उभी राहून ढसाढसा रडली.