मुलीची पसंती : दहापैकी दहा

माझ्या कपाटात दोनशे पानी एक वही आहे. तिच्या सव्विसाव्या पानावर मी आखलेला तक्ता आहे. दोन शाळा, दहा रकाने, प्रत्येक रकान्याला दहा गुण. बेरीज मी तेव्हा तीनदा तपासली होती आणि नंतरही कितीदा तरी तपासली. ती बरोबर आहे.

आमची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. बजाजनगरात आमचं दोन खोल्यांचं घर, आणि मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस. लेथवरून आलेला माल गेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापात, बसतो का बघायचं, बसला तर पुढं पाठवायचा, नाही बसला तर लाल रंग लावून बाजूला ठेवायचा. घराजवळची प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवी ते दहावीसाठी दुसरी शाळा बघायची होती.

मुलीचे कान चांगले होते. बुद्धीची चाचणीही चांगली आली होती. सरकारी दवाखान्यात वाचेचे उपचार करणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं की अडचण भाषेचीच आहे. ऐकलेलं तिला उशिरा उमगतं, आणि बोलायचा शब्द तिला उशिरा सापडतो. चाळणीला ती ‘भोकांचं ताट’ म्हणायची. जिन्याला ‘वर जायचं ते’. सहा वर्षांची असताना मी घरी आणलेले सहा आणि आठ मिलिमीटरचे बोल्ट तिनं डोळे मिटून नुसत्या बोटांनी वेगळे केले होते. चाळीसपैकी एकही चुकला नाही. पण त्यातला एक हातात घेऊन “हे काय आहे?” विचारलं की ती गप्प.

ही शांतता आमच्या घरात कुणालाच सोसायची नाही. पाहुण्यांनी तिला काही विचारलं की तिची आई उत्तर द्यायची, नाहीतर मी द्यायचो. तिनं वाक्य सुरू केलं की आम्ही ते पुरं करायचो आणि विचारायचो, “असंच ना?” ती मान हलवायची. आम्हाला वाटायचं आपण तिला मदत करतोय. लासूर स्टेशनला दिलेली माझी थोरली बहीण एकदा मुक्कामाला आली होती. दोन दिवस तिनं हे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत मला म्हणाली, “अरे, पोरगी मुकी नाय. तूच लई बोलका हायेस.”

“आक्का, तिला शब्द सापडत नाही.”

“सापडंल कसा? ती खिशात हात घालायच्या आत तू आपला काढून देतोस की.”

आम्ही सगळे हसलो. मुलगीही हसली, आमच्यानंतर.

शाळा बघायला निघण्याआधी मी एक मोजमाप केलं. आठवडाभर घड्याळ लावून तिला चाळीस प्रश्न विचारले आणि उत्तर सुरू व्हायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवलं. सरासरी अकरा सेकंद आली. मग मी ठरवलं की प्रत्येक शाळेत जाऊन शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबतात ते मोजायचं. दुसरी पाळी असली की माझी सकाळ मोकळी असायची. अशा सहा सकाळी मी सहा शाळा बघितल्या. कुठं वर्गात मागच्या बाकावर बसू दिलं, कुठं मुख्याध्यापकांच्या खोलीतच मोजावं लागलं. दोन सेकंद, दीड सेकंद, तीन, दोन. अकरा सेकंद हा केवढा मोठा वेळ आहे हे मला तेव्हा कळलं. एवढ्या वेळात शिक्षक फळा पुसून दुसरं उदाहरण लिहायला घेतात.

शेवटी दोन शाळा उरल्या. त्या बघायला मुलीला आणि बायकोलाही घेऊन गेलो.

एक शहरातल्या रेल्वे स्टेशनच्या बाजूला, मोठी, निकाल उत्तम, बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी येणार. वर्गात अठ्ठावन्न मुलं. तिथल्या मुख्याध्यापिकेनं मुलीला विचारलं, “काय बेटा, मोठेपणी कोण होणार?” दोन सेकंद थांबून त्या माझ्या बायकोकडे वळल्या. बायको म्हणाली, “तिला चित्रकलेची आवड आहे.” मुलीनं मान हलवली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “लाजाळू आहे. येईल लायनीवर.”

दुसरी शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हर्सूलला. पत्र्याचे सहा वर्ग, पाचवीत बावीस मुलं. आम्ही तिघं स्कूटरवर गेलो होतो. पाचवीच्या बाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी मुलीला वर्गात नेलं आणि आम्हाला मागं बसवलं. त्यांच्या वर्गाची एक पद्धत होती. एकाला प्रश्न विचारला की बाकीच्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं, आणि त्याचं बोलून होईपर्यंत हात बाहेर काढायचे नाहीत. वर करायला हात मोकळा नसला की दुसऱ्याचं उत्तर तोंडातून निसटत नाही, असं बाईंचं म्हणणं.

“आज येताना काय दिसलं गं?” बाईंनी विचारलं.

बावीस मुलांनी हात मांड्यांखाली घातले. मी घड्याळ बघितलं. पाच. आठ. माझी बायको पुढं झुकली, मी तिचा दंड धरला. अकरा. बाई खिडकीशी टेकून उभ्या होत्या, जणू त्यांना दुसरं कामच नव्हतं. चौदाव्या सेकंदाला मुलगी म्हणाली, “पाणी. लई पाणी.” मग आणखी थांबून म्हणाली, “आणि मोठी भिंत. भिंतीवर काचा होत्या.”

वाटेतला हर्सूलचा तलाव आणि तुरुंग. पहिल्या बाकावरचं एक पोरगं न राहवून म्हणालं, “बाई, ते जेल हाये!” बाई म्हणाल्या, “तुला विचारलं का रे, जेलर?” वर्ग हसला. मुलगीही हसली, आणि या वेळी सगळ्यांबरोबर.

निघताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “साहेब, एक सांगते. हिच्या मानेवर जाऊ नका. आपण काहीही म्हटलं तरी ती हलवते. विचारणं थांबावं म्हणून हलवते. हो म्हणून नाही.” मी घरी येऊन हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. चोविसाव्या पानावर आहे, माझ्याच अक्षरात.

फॉर्म भरायची शेवटची तारीख सोमवार होती. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तक्ता आखला. अंतर, वाहन, वर्गातली संख्या, माध्यम, निकाल, फी, शिक्षकांची पात्रता, मैदान व स्वच्छता, थांबण्याचा वेळ, मुलीची पसंती. हर्सूल स्कूटरच्या मीटरवर अठरा किलोमीटर होतं, त्याला अंतरात दोन आणि वाहनात तीन दिले. थांबण्याच्या रकान्यात दहा दिले. पहिल्या नऊ रकान्यांची बेरीज हर्सूलची एकोणसाठ आणि मोठ्या शाळेची चौपन्न झाली. मला बरं वाटलं नाही, हे कबूल करतो. रोजचं जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर, माझ्या पाळ्या, ते पत्र्याचे वर्ग, नातेवाइकांना काय सांगायचं, हे सगळं डोक्यात होतं. उरला होता शेवटचा रकाना.

मुलीला हाक मारली. ती येऊन माझ्यासमोर सतरंजीवर बसली.

“कोणती शाळा आवडली तुला?”

“पप्पा, ती... तिथं...”

ती थांबली. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, खरकटे हात लपवतेय. मी घड्याळ लावलं नव्हतं. तीन-चार सेकंद झाले असतील.

“बस दारात येते, ती ना? मोठी शाळा?”

“अहो, थांबा ना जरा,” आतून बायको म्हणाली.

मुलीनं मान हलवली.

“हलवली की मान तिनं,” मी म्हणालो, आणि मोठ्या शाळेपुढं दहा लिहिले, हर्सूलपुढं शून्य. चौसष्ट आणि एकोणसाठ. सोमवारी सकाळी फॉर्म भरून आलो. कुणी विचारलं तर सांगायचो, मुलीनंच निवडली.

मोठ्या शाळेत सहामाही यायच्या आतच तिला शेवटच्या बाकावर बसवलं गेलं. मुलं तिला नंदी म्हणायला लागली, काहीही विचारा, मान हलवते म्हणून. गणितात तिला चांगले गुण पडायचे, तोंडी परीक्षेत शून्य. सहावीत असताना एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. कुणाची तरी नवी कंपासपेटी हरवली होती. वर्गशिक्षकांनी एकेकाला उभं करून विचारलं होतं, “तू घेतलीस का?” आमच्या मुलीनं मान हलवली होती.

“तिनं कबूल केलंय,” वर्गशिक्षक म्हणाले. “ओरडलोसुद्धा नाही मी.”

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. मी सांगायला हवं होतं की तिच्या मानेवर जाऊ नका. शब्द पाठ होते मला. पण ते सांगितलं असतं तर मला आधी स्वतःला विचारावं लागलं असतं की मग तू तिच्या मानेवर कसा गेलास. मी एवढंच म्हणालो, “माझी मुलगी चोरी करणार नाही.” नवी कंपासपेटी विकत घेऊन दिली आणि तिला घेऊन आलो. चार दिवसांनी हरवलेली पेटी दुसऱ्याच एका मुलाच्या दप्तराच्या अस्तरात सापडली. वर्गात तसं कुणी सांगितलं नाही. त्या महिन्यापासून तिनं वाक्य सुरू करणंच सोडलं. पूर्वी ‘पप्पा, ती... तिथं...’ एवढं तरी यायचं.

खरं काय ते मला ती सातवीत असताना कळलं, दिवाळीच्या सुट्टीत. मी पाळीवरून आलो तर आमच्या इमारतीच्या जिन्यात गल्लीतली चार-पाच लहान पोरं पायऱ्यांवर बसलेली. शाळा-शाळा चालली होती आणि बाई झाली होती आमची मुलगी. मी खालीच थांबलो. तिनं एका अगदी लहान मुलीकडे बोट केलं, तर बाकीच्या सगळ्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ती मुलगी काही बोलेना. आमची मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली, दुसरं काही कामच नसल्यासारखी.

मी डबा हातात घेऊन त्या जिन्याच्या तळाशी उभा होतो. सतरंजीवर तिनं हात मांड्यांखाली का घातले होते, ते मला त्या वेळी समजलं. तिनं उत्तर दिलं होतं. शब्द सापडेना म्हणून तिनं हातांनी शाळा दाखवली होती. मी ज्याला चार सेकंद म्हणतो, ते खरं तर तिचं उत्तर देऊन झाल्यानंतरचे सेकंद होते.

घरात जाऊन वही काढली. शेवटचा रकाना उलटा केला तर हर्सूल एकोणसत्तर आणि मोठी शाळा चौपन्न. कोराच ठेवला असता तरी एकोणसाठ आणि चौपन्न. बायकोला दाखवलं. तिनं आकडे बघितले नाहीत.

“मी म्हणाले होते, थांबा,” ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, “आन् मी तरी आतच बसले. बाहेर यायला काय झालं होतं मला?”

सुट्टी संपल्यावर मी पहिल्याच दिवशी हर्सूलला गेलो. त्या बाई वर्षापूर्वीच शाळा सोडून मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या होत्या. त्यांच्या जागी एक तरुण शिक्षक आले होते, मन लावून शिकवत होते. मी दारात उभा राहून मोजलं. तीन सेकंद. मुलांचे हात बाकावर मोकळे होते. प्रवेशाबद्दल काही न विचारता मी परत फिरलो. येताना तलावापाशी स्कूटर उभी केली आणि बराच वेळ बसलो.

दहावी ती दुसऱ्या खेपेला पास झाली. आता ती चोवीस वर्षांची आहे. वाळूजमध्येच एका ठिकाणी मालाची खोकी भरायचं काम करते. मोजणीत तिची चूक होत नाही. तिचे सुपरवायझर मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, “लई चांगली मुलगी तुमची. आवाज नाय, तक्रार नाय. सांगितलं की मान हलवते अन् कामाला लागते.” त्यांनी ते कौतुकानंच सांगितलं.

मागच्या रविवारी दुपारी मी वर्तमानपत्र वाचत होतो. ती समोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलले.

“पप्पा,” ती म्हणाली.

तिनं स्वतःहून मारलेली ही कितीतरी वर्षांतली पहिली हाक. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, पण मोजायची सवय जात नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. अकरा झाले, चौदा झाले, वीस झाले. ती माझ्या हातांच्या जागेकडे बघत होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला, म्हणजे तिची आईही वाट बघत होती. एकतीस झाले.

मग तिनं मान हलवली, आणि आत गेली.

मी काहीच विचारलं नव्हतं.