न बदललेल्या पिना

माझ्या पुतणीला ज्या हेलिकॉप्टरमधून सासरी पाठवलं, त्याच्या पात्यांच्या पिनांची मुदत संपलेली होती. नव्या पिना लाकडी खोक्यात माझ्या शेडमध्ये पडून होत्या. त्या बसवल्यात असं मी सही करून सांगितलं होतं, आणि बसवलेल्या नाहीत हे फक्त मला ठाऊक होतं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

मी हेलिकॉप्टरच्या देखभालीचा इंजिनियर. कंपनी मुंबईची, पण लगीनसराई आणि निवडणुकीच्या दिवसांत एक हेलिकॉप्टर कोल्हापुरात ठेवते, विमानतळाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी इथलाच म्हणून मला इथं नेमलं. उडवणारा वेगळा. उडण्याजोगं आहे की नाही हे सांगणारा मी. मी हो म्हटल्याशिवाय पंखा फिरत नाही.

पिन म्हणजे काय ते सांगतो. हेलिकॉप्टरचं प्रत्येक पातं मुळाशी अंगठ्याहून जाड, आतून पोकळ पोलादी पिनांनी जखडलेलं असतं. फिरताना पातं बाहेर पळायला बघतं, गोफणीतल्या दगडासारखं. ती सगळी ओढ पिनांवर येते. म्हणून त्यांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं. इतके तास किंवा इतकी वर्षं झाली की पिन काढायची, मग ती कितीही चकचकीत दिसो. पोलाद थकतं, पण थकलंय हे तोंडावर दाखवत नाही.

आमच्या घरात हे कुणाला पटणं अवघड होतं. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. आता ते दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ चालवतो. वस्तू मोडल्याबिगर बदलायची नाही, आणि बदलली तरी जुनी टाकायची नाही, यावर आमचं घर उभं राहिलं. कुणाचा पंप बसला, कुणाच्या ट्रॅक्टरच्या गिअरचा दात गेला, की माणूस तुटका तुकडा घेऊन यायचा आणि वडील तसाच दुसरा काढून द्यायचे. मी पहिल्यांदा दादाला सांगितलं की आम्ही चांगल्या वस्तू काढून करवतीनं कापून टाकतो, तेव्हा त्यानं चालतं मशीन बंद केलं. म्हणाला, "म्हंजे चालती गाय कसायाला देतासा की रं."

पुतणीच्या लग्नाच्या वर्षी उत्पादकाकडून सक्तीची सूचना आली. आमच्या मॉडेलच्या हेलिकॉप्टरच्या पिनांचं आयुष्य कमी केलं होतं. ठरलेल्या तारखेच्या आत पिना बदलायच्या, त्यानंतर जुन्या पिनांवर एकही उड्डाण नाही. काढलेल्या पिना द्रावण लावून खास उजेडाखाली तपासायच्या, तडा दिसतो का ते कळवायचं आणि मगच कापायच्या. ती तारीख पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी संपत होती.

हेलिकॉप्टर दादानंच ठरवलं होतं. मुलगी आजऱ्याकडं द्यायची, आपल्या राधानगरीकडच्या गावातून ती उडत जाणार, हे त्यानं साखरपुड्यातच जाहीर केलं होतं. पत्रिकेवर हेलिकॉप्टरचं चित्र छापलं होतं. मी मागं कधीतरी त्याला म्हणालो होतो, "दादा, मी बघतो सगळं." त्या एका वाक्यावर तो आख्ख्या भावकीत मान वर करून फिरत होता.

खोकं आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिडी लावली. हाताखालचा मेकॅनिक रजेवर होता, म्हणून एकट्यानंच नट सैल करायला घेतले. वरचं झाकण काढून पाना लावला, तेवढ्यात खालून हाक आली. दादा आला होता, फेट्यांचं कापड दाखवायला.

"काय करतूयास वर?"

"पिना बदलतोय."

"आज?" त्यानं कापडाची पिशवी खुर्चीवर ठेवली. "आरं, आज आमुशा हाय की! डोकं फिरलंय का तुजं?"

आमच्या वर्कशॉपमध्ये अमावस्येला मशीन कधी उघडलं नाही. पुसायचं, तेल घालायचं, नारळ फोडायचा, लिंबू-मिरची बदलायची. वडील म्हणायचे, अमावस्येला खोललेलं यंत्र परत जागच्या जागी बसत नाही. अख्खं उद्यमनगर थोड्याफार फरकानं तेच पाळतं.

"दादा, हे विमानाचं काम आहे. इथं आमुशा-पुनव नसती."

"नसू दे. पर पोरगी माझी बसणार हाय त्यात. उद्या कर, परवा कर. आज नगं."

तो गेल्यावर मी शिडीवर बसून राहिलो. मी देवभोळा नाही. दादाचं ऐकून मी थांबलो असं सांगता आलं असतं, आणि पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला तेच सांगितलं. खरं वेगळं आहे. मी पाना लावला होता आणि पहिला नट जरासुद्धा हलला नव्हता. जुन्या पिना कधीकधी आत धरून बसतात. त्या ओढून काढायचं अवजार मुंबईत होतं. नट सुटला आणि पिन आली नाही, तर हेलिकॉप्टर अर्धवट खोललेलं शेडमध्ये उभं राहणार होतं, मांडवात सगळं गाव आकाशाकडं बघत बसणार होतं, आणि दादाला जाऊन सांगायचं मला होतं. तेवढं माझ्यानं झालं नसतं. मी झाकण परत लावलं. अमावस्या आयती मिळाली.

दुसऱ्या दिवशीही मी शिडी लावली नाही, तिसऱ्याही नाही. काहीबाही कामं काढत राहिलो. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी पायलट आले. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे, मला नेहमी इंजिनियरसाहेब म्हणायचे.

"इंजिनियरसाहेब, पिनांचं झालं ना?"

"झालं."

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. माझ्या पाठीवर थाप मारली आणि चहा सांगितला. सही मी नंतर केली, पण खोटं तेव्हाच बोलून झालं होतं.

लग्न शाळेच्या मैदानाशेजारी होतं. मैदानावर पांढऱ्या फक्कीनं मोठा गोल आखला होता. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा मांडवाची एक कनात उडून उसात गेली, बायका पदर धरून हसत सुटल्या आणि कुणाचा तरी फेटा सुटून लांब लांब पळाला. सगळे पाती बघत होते. मी पात्याचं मूळ बघत होतो.

दादानं आधी आईला गावावरून एक फेरी मारायची ठरवली होती. आई नव्या लुगड्यात आली, पंख्याच्या आवाजानं कानावर हात ठेवलेले. तिला हात देऊन मीच चढवलं. पट्टा मीच बांधला. बकलाची कड दोनदा ओढून बघितली. पट्टा पक्का होता. ती माझ्या कानाशी ओरडली, "तू हाईस न्हवं? मग मला कशाचं भ्या?"

फेरी झाली, आई उतरली, आणि नवरानवरी चढले. मागं एक जागा रिकामी होती. दादा मला ढकलायला लागला.

"बस की रं! तुजंच हाय न्हवं ते!"

"नको दादा. वजन होईल."

"कसलं वजन? तुजं वजन किती, वाळल्या उसाएवढं! बस म्हंतो न्हवं!"

"पाव्हण्यांची बॅग ठेवा तिथं."

मी बसलो नाही. या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. आईला बसवलं, पुतणीला बसवलं, जिला अंगाखांद्यावर खेळवलं तिला बसवलं, आणि स्वतः मागं सरलो. तेव्हा मनाला सांगितलं की खाली कुणीतरी लागतं. दादा मात्र भावकीला ऐकवत होता, "बघा! घरचं हेलिकाप्टर, पर पायरी चढला न्हाई. हेला म्हंत्यात साधेपणा!" माणसं माझ्याकडं कौतुकानं बघायला लागली. एकानं तर मला खांद्याला धरून जेवायला बसवलं.

हेलिकॉप्टर डोंगराआड गेलं आणि आवाज बंद झाला. आजरा हवेतून फार लांब नाही. मी पानावर बसलो होतो, वाढपी जिलबी वाढत होता, आणि मी फोनवर बोट ठेवून होतो. शेजारचे एक पाव्हणे विचारत होते, ह्याला मायलेज किती? मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. मग फोन वाजला. पुतणी किंचाळत होती, "काका, लई भारी! आमी आलोय! सगळी शाळा बघायला आलीया!" मी उठून मांडवाच्या मागं गेलो आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो. मग परत येऊन जिलबी संपवली.

त्याच आठवड्यात मेकॅनिक रजेवरून परतला आणि आम्ही दोघांनी पिना बदलल्या. त्याला वाटलं हे ठरल्याप्रमाणेच चाललंय. पिना सुटल्या. एकही अडकली नाही. अमावस्येलाही सुटल्या असत्या.

आता पुढचं लिहितो, कारण गुन्हा एवढ्यावर थांबला नाही.

जुन्या पिना तपासायच्या होत्या. दिवा शेडमध्येच होता, द्रावणाची बाटलीही होती. एका दुपारचं काम. पण मी त्या फडक्यात गुंडाळून दादाच्या वर्कशॉपवर नेल्या. तडा दिसला असता तर मग मी आईला कशावर बसवलं होतं हे मला कायमचं कळलं असतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"दादा, ह्या कापून दे. नियम आहे."

त्यानं एक पिन हातात घेऊन नखानं टिचकी मारली. "आवाज बघ की, देवळाच्या घंटंगत. ह्या कापायच्या?"

"नियम आहे."

"तुमचा नियम लेका येगळाच." पण करवत चालू केली. पोलाद कठीण, करवतीचे दात बोथट झाले, तो शिव्या देत राहिला आणि मी शेजारी उभा राहून पाणी सोडत होतो. त्या आठवड्यात मी पाळलेला हा एकच नियम, आणि तोही पुरावा जाळावा तसा पाळला. वर कळवून टाकलं की पिना तपासल्या, काही आढळलं नाही.

ते कळवणं कुठं जातं हे मला माहीत होतं. अशा सगळ्या उत्तरांवरून उत्पादक ठरवतो की राहिलेल्या हेलिकॉप्टरांना पुढं किती उडू द्यायचं. माझं "काही आढळलं नाही" त्या ढिगात जाऊन बसलं. कुठल्यातरी दुसऱ्या मैदानावर कुणाची तरी आई त्याच्या भरवशावर पट्टा बांधून बसली असणार.

यंदा नवी सूचना आली. पिनांचं आयुष्य आणखी कमी केलंय. जगात इतरत्र जुन्या पिनांना आतल्या भोकाच्या काठाला तडे सापडलेत. बाहेरून दिसत नाहीत, खास उजेडाखालीच दिसतात. सूचना वाचली त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, रस्त्यात स्कूटर थांबवतो आणि कशाला थांबवली ते कळत नाही. बायको म्हणते शुगर तपासून या.

परवा ठरवून दादाकडं गेलो. सांगूनच टाकायचं होतं. तो लेथजवळ स्टुलावर बसून एका गिऱ्हाइकाला लग्नाचीच गोष्ट सांगत होता. पाव्हणे कबनूरचे, यंत्रमागाचा एक भाग बनवून घ्यायला आलेले, मुलाच्या लग्नात हेलिकॉप्टर आणायची त्यांची इच्छा.

"ह्यो बघा माझा धाकला," दादा म्हणाला. "बोलत न्हाई जास्त. पर ह्यानं हात लावला की बिनघोर बसायचं."

"व्हय का!" पाव्हणे माझ्याकडं वळले. "मग आमचं बी तेवढं जमवा की, सायेब. काय भ्या न्हाई न्हवं त्यात?"

दादा हसला. "भ्या? आरं, माझी आई बसली हुती!"

मी म्हणालो, "दादा, जरा बोलायचंय."

"बोल की. पाव्हणं आपलंच हायती."

मी म्हणालो, नंतर येतो. दारापाशी पोचलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "चा तर पिऊन जा लेका!" परत फिरलो नाही. मुख्य रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं की मी चुकीच्या माणसाकडं गेलो होतो. दादानं मला हसून माफ केलं असतं. उडालं न्हवं, उतरलं न्हवं, मग झालं की, म्हणाला असता. आणि मी हलका होऊन घरी गेलो असतो. मला तेच हवं होतं, म्हणून मी तिथं गेलो होतो.

काल नव्या सूचनेप्रमाणे पिना बदलल्या, वेळेच्या आधी. पायलटांना शिडीवर बोलावून प्रत्येक पिन दाखवली. ते चकित झाले. "इंजिनियरसाहेब, तुम्ही सांगितलंत की मला पुरतं. इतकी वर्षं काय मी वर चढून बघत होतो का?" मी पाने गोळा करायला लागलो. ते खाली उतरले.

पिनांना तडा होता का, याचं उत्तर मला आता कुणालाच देता येणार नाही. ते मी स्वतः पाणी सोडून कापून टाकलं. राहिलेलं देणं एवढं आहे. पायलटांना तोंडावर सांगायचं की त्या दिवशी ते माझ्या खोट्यावर उडाले. कंपनीला आणि उत्पादकाला लिहून द्यायचं की माझं उत्तर खोटं होतं, पिना तपासल्या नव्हत्या, आणि मग परवाना जाईल तो जाऊ द्यायचा. पुतणीला सांगायचं. आईला सांगायचं, ती ऐकू शकते तोवर. यातलं मी अजून एकही केलेलं नाही.