देवीच्या वाटणीचे केस

रंगनाथरावांनी माझ्या टेबलावर गाठ मारलेला रुमाल ठेवला आणि म्हणाले, "बाई, हे बघा."

त्या काळी पेशंट संडासचा नमुना काडेपेटीत घेऊन यायचे. त्यामुळे रुमाल सुटायच्या आत मी खुर्ची मागे सरकवली. निघाले केस. मऊ, भुरे, लहान मुलाचे. ज्याचे होते तो तीन वर्षांचा बाळू आईच्या मांडीवर मरगळून बसला होता. हातापायांच्या काड्या, पोट पुढे, आणि डोक्यावर जागोजाग गुळगुळीत चट्टे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवीन जालन्यात स्टेशनजवळ माझा लहान मुलांचा दवाखाना होता. रंगनाथराव जाफराबादकडचे मोठे शेतकरी, बाळू त्यांचा एकुलता एक नातू.

"चैत्रात देवीला जावळ द्यायचंय, नवस हाय," ते म्हणाले. "अन् हे तर आत्ताच गळून राह्यलं. देवीला काय टक्कल दाखवू?"

"जुलाब होतात का?"

"व्हतेत की. लेकरायला जुलाब ऱ्हातेतच. तुम्ही केसाचं बोला."

कांद्याचा रस, जास्वंदीचं तेल, सगळं चोळून झालं होतं. मी चट्टे तपासत होते, तेवढ्यात दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींनी टेबल पुसलं आणि रुमालातले केस केराच्या डब्यात टाकले. झालं. रंगनाथराव ताडकन उठले. ते केस देवीचे होते, गळलेले असले तरी तिच्याच वाटणीचे. मावशी म्हणाल्या, देवी आली की मी बोलते तिच्याशी. दोघं भांडत डबा घेऊन अंगणात गेले.

सासरा बाहेर गेला तसा बाळूच्या आईचा, कमलचा, पदर जरा मागे सरला.

"बाई, माझ्या माहेरी गेलं की याचं पोट बराबर ऱ्हातंय. इकडं आणलं की पुन्हा तेच."

"माहेर कुठलं?"

"कुंभार पिंपळगाव."

"तिकडे काय खातो?"

"भाकर. गरीब माणसं आम्ही, दुसरं काय देणार?"

"आणि सासरी?"

"घरात सगळ्याला भाकर. याला तेवढी गव्हाची चपाती. शिरा, बिस्किटं. मामंजी लई लाड करतेत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॉलेजात एका धड्यात सीलिअ‍ॅक नावाचा आजार शिकवला होता, आणि आपल्याकडे कशाला दिसतोय म्हणून आम्ही सगळ्यांनी तो धडा झोपेत काढला होता. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो. कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळे. काही मुलांच्या आतड्याला तो चालत नाही. आतलं अस्तर खराब होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. क्वचित शरीर स्वतःच्याच केसांवर उठतं आणि असे चट्टे पडतात. खात्रीसाठी आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. ती सोय जालन्यात नव्हती, आणि मुंबईला न्यायला रंगनाथराव तयार झाले नसते. आमच्याकडे एकच टेस्ट, गहू बंद करायचा आणि बघायचं. ज्वारीत ग्लुटेन नसतं.

रंगनाथराव अंगणातून परतले. केस मिळाले होते, सोबत थोडा कापूसही. मी पथ्य सांगितलं तसे ते लाल झाले.

"म्हंजी गडी जे खातेत ते माझ्या नातवानं खायचं?"

"तुम्ही काय खाता?"

"भाकरच. पण माझं काय, मी म्हातारा."

नवसाची आठवण करून दिली, तेव्हा कुठे ते कबूल झाले.

महिन्याभराने आले. पोट तसंच, चट्टे वाढलेले. निदान चुकलं असेल तर पोराचा महिना मी फुकट घालवला होता.

"गहू बंद आहे ना?"

"बिलकुल बंद. घरात चपाती न्हाई, बिस्कीट न्हाई." मग अभिमानाने म्हणाले, "अशक्त झालंय म्हणून सकाळ-संध्याकाळ चीक देऊन राह्यलो, तूप घालून."

चीक म्हणजे कुरडयांचा. गहू भिजवून, वाटून, पिळून काढलेला.

"अहो, तो गहूच आहे!"

"कसा?" ते शांतपणे मला समजावू लागले. "गहू तर आपण पिळून काढला. चोथा म्हशीला घातला. मंग मागं ऱ्हायला तो चीक. त्याच्यात गहू कुठं आला?"

कमल पदराआड हसत होती. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. या घरात लाड आणि गहू वेगळे करणं माझ्या हातचं नव्हतं, म्हणून मी लेकरूच हलवलं.

"चैत्रापर्यंत याला आजोळी ठेवा."

"व्याह्याच्या दारी? लोक म्हणतील, नातू पोसवत न्हाई."

"मग देवीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

त्यांनी बाळूच्या चट्ट्यांवरून हात फिरवला. मग कमलला म्हणाले, "सामान बांध."

आजोळी बाळू ज्वारीवर सुधारला. आधी पोट बसलं, मग अंग धरलं. संक्रांतीनंतर कमलच्या भावाने त्याला दाखवायला आणलं, तेव्हा चट्ट्यांवर बारीक लव आली होती. मी त्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

चैत्रात जावळाला मला आमंत्रण होतं. बाळू मामाच्या मांडीवर बसला, न्हाव्याने वस्तरा लावला आणि पोरगं असं ठणठणीत रडलं की मी खूश झाले. मग पंगत बसली. पुरणावरणाचा स्वयंपाक, पण पोळी कुठे दिसेना. पानोपानी पुरण आणि शेजारी ज्वारीची भाकर. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. म्हातारा चिंगूस निघाला, असं माझ्या शेजारची बाई म्हणालीच.

तेवढ्यात पुजारी नैवेद्याचं ताट हातात घेऊन आला. "रंगनाथराव, देवीची पोळी ऱ्हायली."

"ऱ्हायली न्हाई," रंगनाथराव नातवाच्या पानात भाकर कुस्करत म्हणाले. "लेकराच्या हाताला लागंल म्हणून गहूच आणला न्हाई. डॉक्टरीणबाईचं पथ्य हाय. देवीबी घरचीच हाय, तिनंबी पाळावं."

त्या दिवसापासून मी पेशंटच्या घरच्यांना मूल काय खातं हे विचारणं सोडून दिलं. तुम्ही याचे लाड कसे करता, ते विचारते.