चाळीसचे ऐंशी कसे झाले

ती घटना आजही डोळ्यांपुढे आली की आधी मला मीच दिसते. कडक इस्त्रीची खाकी, काळा चष्मा, आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याचं खोटं आपल्याला कळतं ही ठाम समजूत. आता नातवंडं लुडोत माझ्या सोंगट्या सरकवतात तेही मला कळत नाही. तेव्हा मी पोलीस उपनिरीक्षक होते. निपाणीकडची मराठी मुलगी, बेंगळुरूला होसूर रस्त्यावरच्या ठाण्यात नेमणूक, आणि त्या अख्ख्या रस्त्यावर माझ्याएवढं शहाणं कोणी नव्हतं.

अपघात तसा साधा. भर दुपारी पाऊस चालू असताना उड्डाणपुलाच्या उतारावर एक छोटी कार घसरली आणि दुभाजकावर आदळली. चालवणारा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनवर काम करणारा, मूळचा अथणीकडचा. त्याला थोडंफार खरचटलं. शेजारी बसलेल्या बायकोचं मांडीचं हाड मोडलं, डोक्यालाही मार बसला. तिच्या भावाने येऊन फिर्याद दिली, "आमचे दाजी गाडी विमानासारखी चालवतात. बहीण बरी झाली की मी तिला गावाला नेणार. परत या माणसाच्या घरी पाठवणार नाही." बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला आणि कागद माझ्याकडे आले.

बायको अतिदक्षता विभागात होती, जबाब द्यायला डॉक्टर परवानगी देत नव्हते. भाऊ दाराशी पहारा द्यायचा आणि नवऱ्याला आत सोडायचा नाही. तो बिचारा दवाखान्याच्या जिन्यात बसून असायचा. तिथूनच मी त्याला ठाण्यात बोलावून घेतलं.

"वेग किती होता?"

"चाळीस, मॅडम."

"चाळीसवर गाडी अशी फिरते?"

"नवे टायर टाकले होते की हो. खास पावसाचे. तरीपण कशी घसरली, मलाच कळेना झालंय."

आरोपी स्वतःहून टायरबद्दल बोलत होता. हुशार अधिकाऱ्याने तिथेच पेन थांबवलं असतं. मी मात्र त्याला दरडावलं, "टायरचं सोडा. पावसात निघाला होतात कुठे?"

"असंच."

"असंच कोण निघतं?"

तो खाली बघत राहिला. मी मनात म्हटलं, सापडला! वेगाचा प्रश्न मी अकरा वेळा विचारला आणि अकरा वेळा चाळीस हेच उत्तर आलं. बाराव्या वेळी तो म्हणाला, "ऐंशी लिहा, मॅडम. तुम्हाला ऐंशी पाहिजेत तर ऐंशी." मी ऐंशी लिहून घेतले. त्याचं दुसरं वाक्य जबाबात घेतलं नाही. वर बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या मेहुण्याला फुशारकीने सांगितलंही, "कबूल झालाय तुमचा दाजी."

त्याच आठवड्यात ठाण्यात एक फोन आला होता. रस्त्याच्या गोंगाटात एक म्हातारा आवाज कन्नडमध्ये घाईने काही सांगत होता. मला ऐकू आलं ते मी वहीत टिपलं: पंपामागे, मळे, टायर, मारतारे, लवकर या. खात्याची कन्नडची परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. पण घाईत कान आईच्याच भाषेत ऐकतात. मी अर्थ लावला तो असा, की पेट्रोल पंपामागच्या मळ्यांमध्ये कुणाला तरी टायरने मारताहेत.

जीप काढली, चार माणसं घेतली. पंपामागे तेव्हा खरंच घेवड्याचे आणि गुलाबाचे मळे होते. आम्ही सऱ्या तुडवत आत शिरलो. एक शेतकरी पाणी देत होता आणि त्याच्या दोन शेळ्या एका जुन्या टायरला बांधलेल्या होत्या. मी तो टायर ताब्यात घेतला. शेतकरी म्हणाला, "अक्का, टायर न्या, पण शेळ्या तेवढ्या सोडून जा." चिखलाने भरलेले बूट घेऊन परत आलो, तेव्हा पंपामागच्याच टायरच्या दुकानाच्या मालकाने आम्हाला ताक पाजलं. "किती कष्ट घेता हो तुम्ही पोलीस," असंही म्हणाला. मी त्याचे आभार मानले. जीप त्याच्याच दुकानासमोर लावली होती.

घरीही त्या महिन्यात टायरचंच प्रकरण गाजत होतं. आमच्या यांना पावसात कारने आंबोलीला जायचं होतं. दोघांनीच. आणि जायच्या आधी गाडीला चार चांगले ऑल-सीझन टायर हवे होते. माझा नवरा भाजीवाल्याकडे वांगं घेतानाही देठ, साल आणि वजन बघणारा माणूस, टायर काय तसेच घेणार? त्यांनी चौकशीचा कागदच केला होता. "उन्हाळ्याला कडक रबर बरं, पावसाला खोल खाचा बऱ्या. ऑल-सीझनमध्ये दोन्ही थोडं थोडं. तू काय म्हणतेस?" मी म्हणायचे, "अहो, टायर काळा असतो आणि गोल असतो. घ्या कुठलाही." तीन रविवार मी बंदोबस्ताचं कारण सांगितलं. चौथ्या रविवारी त्यांनी माझी टोपीच लपवून ठेवली.

मला घेऊन ते कोरमंगलातल्या एका टायरच्या दुकानात गेले. तिथल्या दुकानदाराशी त्यांचं इतकं जमलं की मला स्टूलावर बसवून दोघं विसरूनच गेले. दुकानदार टायर फिरवून दाखवत होता. "बाजूला हे चार आकडे बघा, सर. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी जन्मला ते कळतं. मोठ्या खाचांच्या मध्ये या बारीक चिरा आहेत ना, त्या ओल्या रस्त्याला धरतात. आणि बेंगळुरूत बर्फ पडत नाही. इथे ऑल-सीझन म्हणजे ऊन आणि पाऊस. बरोबर?" हे अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघत होते. चेहरा असा, जसं काही लेकीसाठी स्थळ बघताहेत.

मला जांभई आली. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "आणि खाचेच्या तळाशी हे छोटे उंचवटे दिसतात? टायर झिजत झिजत इथवर आला की बदलायचा. कापलेल्या टायरला हे नसतात."

मी स्टूलावरून उठले. "कापलेला म्हणजे?"

"जुना झिजलेला टायर घेतात, तापवलेल्या पात्याने खाचा पुन्हा कापतात, काळं पॉलिश मारतात. नवाच वाटतो, मॅडम. पाऊस पडेपर्यंत."

मी पर्स उचलली आणि रिक्षाला हात केला. मागून यांची हाक आली, "अगं, कोणते घेऊ तेवढं तरी सांगून जा!" मी रिक्षातूनच ओरडले, "कुठलेही घ्या!"

ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर पेन्शनमधली चार वर्षं दिली असती. टायर त्यांनी घेतले, एकट्यानेच. आंबोली राहिली. एका पावसाळ्यात निवडणूक आली, दुसऱ्यात दंगल, तिसऱ्यात माझी बदली. ते दर रविवारी खाली जाऊन टायरची हवा बघायचे, ओल्या फडक्याने पुसायचे. टायर न चालताही म्हातारे होतात. उभ्या उभ्या त्यांना बारीक भेगा गेल्या आणि मग एका वर्षी गाडीकडे बघायला हेच राहिले नाहीत. आज कुणी मला टायरच्या दुकानात नेऊन बसवलं, तर मी एकेका टायरला नख लावून संध्याकाळपर्यंत पसंत-नापसंत करत बसेन. नेणारा माणूस मात्र तोच हवा.

असो. तपासाकडे येते.

ठाण्याच्या आवारात अपघाताची गाडी पडून होती. मी चिखलात गुडघे टेकून टायरवर टॉर्च मारला. खाचांच्या तळाशी उंचवटे नव्हते. एका खाचेत तर आतला दोरा दिसत होता. चार आकड्यांच्या जागी घासल्याचा डाग होता, चारही टायरवर. मोटार वाहन निरीक्षकांना पुन्हा बोलावून पंचनामा केला, टायर मुद्देमालात घेतले. मग आरोपीला विचारलं, "घेतले कुठून?" तो म्हणाला, "पंपामागून. मालक बोलला, बाराही महिन्यांचे, पावसाला एक नंबर."

पंपामागून हा शब्द ऐकून मी वही काढली. आमचे हेड कॉन्स्टेबल बेळगावात दहा वर्षं काढलेले कानडी गृहस्थ. सगळं ठाणं त्यांना अण्णा म्हणायचं. त्यांना मी माझी नोंद वाचून दाखवली.

अण्णांनी वही स्वतःच्या हातात घेतली. मग त्यांनी तोंडावर रुमाल धरला. "मॅडम, स्वल्प थांबा. मळे म्हणजे आमच्यात पाऊस. मारतारे म्हणजे विकतात. तो माणूस म्हणाला असेल, मळे टायर अंत हळे टायर मारतारे. पावसाचे टायर म्हणून जुने टायर विकतात."

"आणि मी?"

"तुम्ही शेळ्यांचा टायर आणला." रुमाल आता डोळ्यांवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानावर छापा घातला. मागच्या शेडमध्ये खाचा कापायची पाती, पॉलिशचे डबे आणि आकडे घासायची कानस मिळाली. मालकाने आधी 'मला काही माहीत नाही' असं सांगून पाहिलं. मी त्याला एकच टायर निवडायला लावला. म्हटलं, "तुमच्या स्वतःच्या गाडीला घालायला यातला एक काढून द्या." तो रांगेपुढून दोनदा गेला आणि हात न लावता खाली बसला. पुढचा जबाब अण्णांनी लिहून घेतला. कोपऱ्यात एक म्हातारा फिटर उभा होता. फोन त्याचाच होता. मला म्हणाला, "मी बोलावलं, तुम्ही आलात पण. आणि सरळ घेवड्यात गेलात."

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. बाई शुद्धीवर येऊन दोन दिवस झाले होते. जबाब घ्यायला मी तेव्हाच जायला हवं होतं. पण ऐंशीचा कागद हातात असल्यावर घाई कुणाला होती? भावाला बाहेर थांबवलं आणि तिच्या खाटेशी बसले. टायरची सगळी हकिकत सांगितली.

तिने उशीवरची मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मलापण गाडी सावकाशच वाटली होती हो. पण भाऊ म्हणाला, त्यांनी स्वतः ऐंशी लिहून दिलंय. मला वाटलं, डोक्याला लागलंय, माझंच काहीतरी चुकतंय. त्यांनी का लिहून दिलं?"

"त्यांनी नाही दिलं. मी लिहून घेतलं."

नोकरीत इतकं अवघड वाक्य मी वरिष्ठांपुढेसुद्धा बोलले नव्हते.

"आणि कुठे निघालो होतो ते नाही सांगितलं त्यांनी?"

"नाही. असंच म्हणाले."

"मीच मागं लागले होते. नवे टायर घातलेत, तर पावसात एक चक्कर मारून आणा म्हटलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, कधी नुसतं फिरायला गेलो नाही. भावाला कळलं असतं तर जन्मभर मला बोलून दाखवलं असतं. म्हणून गप्प राहिले असतील."

त्याच्या गप्प राहण्याला मी गुन्हा समजले होते. माणूस काही लपवतो तेव्हा दर वेळी स्वतःलाच वाचवत नसतो, हे मला त्या खाटेशी बसून कळलं. पुढच्या सगळ्या नोकरीत मी वेगाच्या आधी विचारायचे, गाडीत शेजारी कोण होतं.

भावाला पंचनामा वाचून दाखवला. तो दारातून बाजूला झाला. जिन्यातून नवऱ्याला मीच बोलावून आणलं. तो आत गेला, मी बाहेर पडून दार ओढून घेतलं. आतून तिचा आवाज आला, अशक्त, पण टोमणा पुरता शाबूत: "फिरायला नेतो म्हणालात आणि आणलंत दवाखान्यात. बरे की हो तुम्ही!"

आणि तो हसला. रडतही असेल, दाराबाहेरून नक्की कळलं नाही.

माझं काम संपलं होतं. जीप खाली उभी होती, अण्णा वाट बघत होते. तरी मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले आणि नवऱ्याबरोबर पावसात निदान निघाली तरी होती अशा एका मोडक्या मांडीच्या बाईचा हेवा करत राहिले.